ट्रेलरमध्ये रेडिओ धड लागत नाही – अँटेना बदलू की आणखी काही?

चाकावरचं_बिऱ्हाड
११ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या वर्षी १९ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा, छतावर रबराचं आवरण, आतून प्लायवूड. बाकी संसार ठीक चाललाय. शेगडी पेटते, फ्रिज गॅसवर चालतो, टाकी गळत नाही. रेडिओ लावला की मात्र नुसतं खर्रर्र.

भिंतीत बसवलेला एक स्टिरिओ आहे. त्यावर घराच्या अंगणात, म्हणजे ऐन शहरात, एफएमची दोन स्टेशनं लागतात. त्याच वेळी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत वीस लागतात. दोन्हींत अंतर दहा फुटांचं. मीडियम वेव्हवर तर मधमाश्यांचं पोळं उठवल्यासारखा आवाज येतो. दुसरा रेडिओ सासऱ्यांचा, मिरजेहून आणलेला हातातला ट्रान्झिस्टर. तो दाराच्या पायरीवर ठेवला की खणखणीत बोलतो, उचलून एक पाऊल आत टाकलं की मुका. बायकोने पाच-सहा वेळा आत-बाहेर करून दाखवलं, शेजारी बघत होता.

रेडिओचं एवढं काय अडलंय ते सांगतो. मागच्या जुलैअखेरीस युटामध्ये मोॲबच्या दक्षिणेला सरकारी मोकळ्या जमिनीवर मुक्काम होता, एका कोरड्या ओढ्याच्या काठाला. फोनला शून्य रेंज. संध्याकाळी रेंजर आला आणि म्हणाला, वर डोंगरात पाऊस कोसळतोय, ट्रेलर इथून हलवा. तिकडे जुलै ते सप्टेंबर असा पावसाळा असतो, आणि डोक्यावर निळं आकाश असतानाही ओढ्याला लोंढा येतो. तो माणूस फिरकला नसता तर आम्हाला पत्ताच नव्हता. आता ऑगस्टमध्ये पुन्हा मोॲब आणि पुढे मॉन्युमेंट व्हॅली असा बेत आहे. यंदा सासरेही आहेत, आणि त्यांना रेडिओशिवाय झोप येत नाही.

बाजारात ४० डॉलरला बूस्टरवाला अँटेना मिळतो, छताला भोक पाडून बसवायचा. घेऊ का? छताला भोक पाडायला जीव होत नाही, खरं सांगायचं तर.

तिरकस
११ जून, रात्री १०.१५

एवढ्या खटाटोपापेक्षा मोटेलात राहा. छत मजबूत असतं, टीव्ही फुकट असतो आणि ओढा लांब असतो.

जास्वंद_ऑस्टिन
११ जून, रात्री १०.३१

तिरकसराव, प्रत्येक धाग्यावर हेच का? :)

बिऱ्हाड, सासऱ्यांसाठी फोनवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप टाकून द्या. माझे बाबा इथे आले की सकाळी पुणे केंद्र लावून बसतात. आवाज स्वच्छ, खरखर नाही.

चाकावरचं_बिऱ्हाड
११ जून, रात्री १०.४०

ॲप आहे, घरी तेच चालतं. पण जिथे जातो तिथे फोनला रेंज नसते, ॲप कशावर चालणार? उपग्रहाचं इंटरनेट घ्यायचा विचार केला होता, पण महिन्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्याने त्याचं भाडं का भरावं, असं बायको विचारते. उत्तर माझ्याकडे नाही.

गँग_कंडेन्सर
१२ जून, सकाळी ७.०५

मिरजेचा ट्रान्झिस्टर म्हटल्यावर लिहिणं भाग आहे. मी मिरजेतच ३२ वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. आता शटर खाली आहे, हात मात्र शिवशिवतात.

पहिली गोष्ट, बूस्टर घेऊ नका. निदान आत्ता नको. बूस्टर म्हणजे सभेतला कर्णा. सभेत गोंधळ चालू असेल तर कर्ण्यातून गोंधळच मोठा होऊन येणार. तुमचा तो पोळं उठवल्यासारखा आवाज हवेतून येत नाही. तो तुमच्याच घरातला आहे, मी इथे बसून सांगतो.

दुसरी गोष्ट डब्याची. १००० किलोहर्ट्झच्या मीडियम वेव्हची लाट ३०० मीटर लांब असते. तुमच्या ट्रेलरला चारी बाजूंनी पत्रा, आणि खिडकी दोन फुटांची. ती लाट आत कशी येणार? एफएमची लाट ३ मीटरची, ती खिडकीतून अंग चोरून थोडी शिरते. म्हणून एफएमची दोन स्टेशनं लागतात आणि मीडियम वेव्हचं एकही नाही. पायरीवर बोलणारा ट्रान्झिस्टर आत मुका होतो तो यामुळेच, त्या बिचाऱ्यात काही बिघाड नाही. त्याच्या पोटात फेराइटची, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची काळी चुंबकीय कांडी आहे, तोच त्याचा मीडियम वेव्हचा अँटेना. बाहेर ओढतो ती चकचकीत काडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. पुष्कळांना हे माहीत नसतं. माझ्या दुकानात लोक काडी मोडली म्हणून 'मीडियम लागत नाही' अशी तक्रार घेऊन येत.

आता तपासणी. सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर घ्या, त्यातले सेल नवे टाका. मीडियम वेव्हवर जिथे एकही स्टेशन नाही अशी जागा शोधा, आवाज वाढवा आणि ट्रेलरमध्ये फिरा. रेडिओ कुत्र्यासारखा वास काढत जातो. जिथे गुरगुर वाढेल तिथे चोर.

नभोवाणी_वेडी
१२ जून, सकाळी ८.२०

काकांना +१. मी ओहायोत असते, हौशी रेडिओ परवानाधारक आहे, आणि आमचाही २२ फुटी ट्रेलर आहे. काकांच्या पद्धतीला इथल्या ट्रेलरचा तपशील जोडते.

अंगणातल्या विजेची दोरी काढा आणि ट्रेलर फक्त बॅटरीवर आणा. खरखर एकदम कमी झाली तर पहिला संशय कन्व्हर्टरवर, म्हणजे १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या पेटीवर. त्यानंतर फ्यूजच्या पेटीतले १२ व्होल्टचे रंगीत फ्यूज एकेक करून उपसा आणि कोणत्या फ्यूजला आवाज बदलतो ते लिहून ठेवा. गॅस डिटेक्टरचा फ्यूज काढलात तर ऐकून झाल्याबरोबर परत लावा. तो विसरून झोपायचं नाही.

छतावर सोलर आहे का? असेल तर दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा ऐका. कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत बेताने भरणारी पेटी) सुटा करायची वेळ आली तर आधी पॅनलच्या वायरी काढा, मग बॅटरीच्या. उलट केलं तर कंट्रोलर जाऊ शकतो.

शेवटचं म्हणजे स्टिरिओ भिंतीतून बाहेर ओढा आणि मागे बघा. हसू नका, बघाच.

रानपाखरू
१२ जून, सकाळी ९.००

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). आमच्याकडे ट्रेलर नाही, पण धागा छान चाललाय.

चाकावरचं_बिऱ्हाड
१४ जून, रात्री ११.२०

शनिवार पूर्ण यातच गेला. क्रमाने लिहितो.

ताईंचं ऐकून स्टिरिओ ओढला. चार स्क्रू. मागे अँटेनाची केबल होती, तिचा जॅक सॉकेटात अर्धाच घुसलेला. नुसता टेकवून ठेवल्यासारखा. आत ढकलला, 'टक' असा आवाज आला, आणि एफएमची दोन स्टेशनं सात झाली! म्हणजे ट्रेलर बनला त्या दिवसापासून कोणी तो जॅक नीट बसवलाच नव्हता. मग केबलचा माग काढत गेलो. ती वर छताला जाते म्हणून मी समजत होतो. जाते खरी, पण जाताना कपाटामागे तिचं चांगलं हातभर वेटोळं करून प्लास्टिकच्या पट्टीने आवळून ठेवलंय. छतावर तिच्या टोकाला बोटाएवढा रबरी अँटेना.

मग काकांचा कुत्रा. विजेची दोरी काढली आणि पोळं शांत झालं. पूर्ण नाही, बारा आणे. फ्यूज काढायला लागलो. पहिला, दुसरा, तिसरा, काही नाही. चौथा काढला तशी उरलेल्यातली मोठी शिट्टी गेली. चौथा फ्यूज दिव्यांचा. मागच्या मालकाने सगळीकडे स्वस्तातले एलईडी लावलेत, म्हणून फ्यूज परत घालून दिवे एकेक करून लावले. बोंब मारणारा एकच निघाला, सिंकच्या वरचा. बाकीचे पाच गप्प. एकाच पाकिटातले सहा दिवे, त्यातला एक असा का, देव जाणे.

दुपारी ऊन असताना एक टिकटिक येत होती, ढग आला की मंद व्हायची. रात्री गेली. म्हणजे सोलर कंट्रोलर.

तर चोर तीन: कन्व्हर्टर, सिंकवरचा दिवा, सोलर कंट्रोलर. एवढं करूनही सगळं बंद केल्यावर ट्रान्झिस्टर आत मुकाच आहे. फरक इतकाच की आता शांतपणे मुका आहे.

गँग_कंडेन्सर
१५ जून, सकाळी ६.४०

शाबास! अर्ध्याहून अधिक काम झालं. जॅकचं वाचून हसलो, कारण माझ्या दुकानात आलेल्या दहांपैकी चार रेडिओंत बिघाड असाच असायचा, सैल तार नाहीतर गंजलेला सेल. गिऱ्हाइकाला तसं सांगितलं तर पैसे द्यायला का-कू करतो, म्हणून आम्ही थोडा वेळ आत खुडबुड करून मग परत द्यायचो. आता दुकान बंद आहे, सांगायला हरकत नाही.

ते हातभर वेटोळं कापून केबल आखूड करू नका. गाडीच्या रेडिओची केबल कधी सोलून बघितली आहे का? बाहेरून जाड दिसते, पण आत पोकळ नळी आणि तीत केसासारखी बारीक नागमोडी तार. ती तशी मुद्दाम केलेली असते. मीडियम वेव्हला एवढासा अँटेना फार क्षीण सिग्नल देतो. जाड भरीव केबल लावली तर तेवढा सिग्नल केबलच्याच कपॅसिटन्समध्ये, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणात, मुरतो, रेडिओपर्यंत पोचत नाही. कोणी तुम्हाला टीव्हीची आरजी-६ केबल जोडा म्हणेल. एफएम चालेल, पण मीडियम वेव्ह बसेल.

सह्यवाट
१५ जून, सकाळी १०.१०

अमेरिकेतल्या धाग्यात कोल्हापूरकराची लुडबुड. मी टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलाय, दोन माणसं आणि एक मुलगा झोपतो. (महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून डोक्यात होतं. धोरण आलं, सांडपाणी रिकामं करायची सोय असलेले तळ मला तरी अजून फारसे दिसले नाहीत. असो, तो वेगळा धागा होईल.)

माझं एफएम आंबा घाटात जायचं, म्हटलं डोंगर आहे, जाणारच. मग लक्षात आलं की ते सपाटीवरही जातंय, आणि मुलगा शेजारी बसला की परत येतंय! दोन महिने डोकं खाजवलं. मुलगा बसला की आपला फोन चार्ज करायला डॅशकॅमची पिन काढायचा. डॅशकॅमचा चार्जर एफएम गिळत होता. चार्जर बदलला, विविध भारती परत आली. घाटात मात्र अजून जाते. डोंगराला चार्जर नाही.

तिरकस
१५ जून, सकाळी १०.४४

म्हणजे बिऱ्हाडांनी मुलगा शेजारी बसवून बघावा.

नभोवाणी_वेडी
१५ जून, दुपारी १.३०

सह्यवाट, डॅशकॅमची गोष्ट अगदी नेहमीची. काचेवर डॅशकॅम, त्याच काचेत किंवा वर छतावर अँटेना, आणि स्वस्त चार्जर.

बिऱ्हाड, आता एकेका चोराचा बंदोबस्त.

सिंकवरचा दिवा फेकून द्या. नवा आणलात की आधी रेडिओ जवळ धरून ऐका, मगच बसवा.

कन्व्हर्टर बदलायच्या फंदात पडू नका. रेडिओ ऐकायचा तेव्हा विजेची दोरी काढा, दोन तास बॅटरीवर सहज निघतात. मोकळ्या रानात तर दोरी नसतेच. कॅम्पग्राउंडवर मात्र शेजारच्या ट्रेलरचाही आवाज येतो, त्यावर इलाज नाही. जागा बदलून मागता आली तर कडेची मागा.

सोलर कंट्रोलरला फेराइट लावा. त्यात नंबर असतात. तुम्ही ३१ नंबरचं मिटणारं कडं घ्या, मोठ्या भोकाचं. पॅनलकडून येणारी धन आणि ऋण अशा दोन्ही वायरी एकत्र धरून त्यातून जमतील तेवढे वेढे काढा. एकेकटी वायर नाही, दोन्ही एकत्र. वेढे दुप्पट झाले की परिणाम साधारण चौपट होतो, म्हणून एक वेढा घालून 'काही फरक नाही' असं लिहू नका, चार-पाच तरी बसवा. बॅटरीकडच्या वायरींनाही तसंच. मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाला ३१ नंबर थोडा कमी पडतो, तिथे ७५ नंबर जास्त चांगला. पण आधी सहज मिळतं ते करा.

आता छतावरचा रबरी अँटेना. गाडीवर असा अँटेना चालतो कारण खाली पत्रा असतो. तो पत्रा अँटेनाचा अर्धा भाग आहे असं समजा. तुमच्या छतावर वर रबर, खाली प्लायवूड. म्हणजे बिचारा एका पायावर उभा. बूस्टरवाला आणलात तरी पाय एकच. पण तुमच्या बाजूच्या भिंती ॲल्युमिनियमच्या आहेत! भिंतीच्या वरच्या कडेला एल आकाराची पट्टी लावून तिच्यावर साधी ७५ सेंटिमीटरची काडी उभी करा. पट्टी पत्र्याला टेकेल तिथला रंग खरवडा, धातूला धातू लागला पाहिजे. स्क्रूखाली पाणी रोखणारी ब्यूटाइल टेप, वरून सीलंट. ७५ सेंटिमीटर का, तर एफएमच्या ३ मीटर लाटेचा तो चौथा हिस्सा.

छताला भोक नकोच. केबल आत न्यायची तर फ्रिजच्या व्हेंटमधून न्या, तिथे भोक आधीच आहे. फक्त बर्नर आणि त्याच्या धुराच्या नळीपासून केबल लांब बांधा.

देशपांडे_काका_सिएटल
१५ जून, सायं. ६.०५

छतावर टीव्हीचा हाताने फिरवून उभा करायचा अँटेना असेलच ना? त्याचीच केबल दोन भागांत फोडून एक स्टिरिओला द्या. एफएमचा पट्टा टीव्हीच्या ६ आणि ७ नंबर चॅनेलच्या मधेच येतो. फुकटात काम.

चाकावरचं_बिऱ्हाड
१६ जून, रात्री १०.००

देशपांडेकाका, केलं. नाही जमलं. टीव्ही अँटेनाचं भिंतीवरचं हिरव्या दिव्याचं बटण चालू ठेवलं तर स्टेशनं उलट कमी. बंद ठेवलं तर काहीच नाही.

नभोवाणी_वेडी
१६ जून, रात्री १०.३५

टीव्ही अँटेनाच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरमध्ये एफएम गाळून टाकणारी चाळणी मुद्दाम बसवलेली असते, जवळच्या तगड्या एफएम स्टेशनने टीव्हीचं चित्र बिघडू नये म्हणून. आणि बटण बंद केलं की तो ॲम्प्लिफायर बाजूला पडतो आणि कॅम्पग्राउंडची केबल जोडली जाते, अँटेना नाही. काकांची कल्पना वाईट नाही, काही ट्रेलरांत चालते. तुमच्यात चाळणी असणार.

गँग_कंडेन्सर
१७ जून, सकाळी ७.१५

आता मीडियम वेव्हचं माझ्याकडे सोपवा. दुकानातून आणायचं काही नाही, एक गँग तेवढी हवी, म्हणजे स्टेशन बदलताना फिरतो तो पात्यांचा कंडेन्सर. तिकडे जुन्या रेडिओतली ३६५ पिकोफॅरडची मिळते असं ऐकतो.

लाकडाच्या दोन पट्ट्यांची अधिकच्या चिन्हासारखी चौकट करा, असं की वेढ्याची प्रत्येक बाजू ६० सेंटिमीटर येईल. तिच्यावर साध्या प्लास्टिकच्या वायरीचे १२ वेढे, दोन वेढ्यांत अर्धा सेंटिमीटर जागा. दोन्ही टोकं गँगला. झाला लूप. खालचं टोक, म्हणजे ५५०-६०० किलोहर्ट्झच्या आसपास, लागत नसेल तर एक वेढा वाढवा. वरचं टोक लागत नसेल तर एक काढा. आमच्या वेळी हे खोक्यावर गुंडाळायचे.

रेडिओ या लूपशेजारी ठेवून नुसती गँग फिरवली की स्टेशन फुगून वर येतं, वायर जोडावी लागत नाही. पण लूप ट्रेलरच्या आत ठेवून उपयोग नाही, डब्यात आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. लूप बाहेर टेबलावर ठेवा. त्याच चौकटीवर मुख्य वेढ्यांना न जोडता आणखी २ वेढे घाला. त्यांची दोन टोकं एकमेकांना पीळ दिलेल्या वायरीने खिडकीतून आत आणा आणि ट्रान्झिस्टरच्या पोटावर, आत फेराइटची कांडी आहे तिथे, ४-५ वेढे गुंडाळून टाका. पाऊस आला की लूप आत घ्या.

आणि लूप फिरवायला विसरू नका. चौकटीची कड स्टेशनकडे केली की जोर, तोंड स्टेशनकडे केलं की गायब. शेजाऱ्याच्या ट्रेलरचा आवाज येत असेल तर चौकटीचं तोंड शेजाऱ्याकडे करा, तो गप्प होतो. माणसांनाही असं करता आलं असतं तर!

जास्वंद_ऑस्टिन
१७ जून, सकाळी ९.५०

काका, तुमचा वेगळा धागा पाहिजे. 'शटरखालच्या गोष्टी'.

नभोवाणी_वेडी
१७ जून, रात्री ९.१०

ओढ्याचा मुद्दा राहायला नको, बाकी सगळी हौस आहे आणि तो जिवाचा आहे. हवामान खात्याचा रेडिओ एफएमच्या पट्ट्यात नसतो. त्याची सात चॅनेलं १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमध्ये आहेत, साधा स्टिरिओ किंवा ट्रान्झिस्टर ती पकडत नाही. वेगळा वेदर रेडिओ घ्या, सेलवर चालणारा आणि धोक्याच्या इशाऱ्याला आपणहून जागा होणारा. त्याची काडी पूर्ण ओढण्यापेक्षा ४६ सेंटिमीटरवर ठेवून बघा, तिथल्या लाटेचा चौथा हिस्सा तेवढा येतो. तो खिडकीशी ठेवा, काचेला लागून. आणि ट्रेलर लावण्याआधी हातात घेऊन जागेवर फिरा. या लाटा सरळ रेषेत जातात, मध्ये कडा आला की संपलं. ज्या जागी तो बोलत नाही तिथे पावसाळ्यात ओढ्याजवळ मुक्काम टाकू नका. अँटेना चांगला असला तरी नाही.

चाकावरचं_बिऱ्हाड
१९ ऑगस्ट, रात्री ८.३०

धागा वर काढतोय. परवा परत आलो.

एफएम: एल पट्टी लावली, रंग खरवडला, केबल फ्रिजच्या व्हेंटमधून. डेन्व्हरमध्ये १९ स्टेशनं. गाडीपेक्षा एक कमी, पण मला तक्रार नाही. मोॲबच्या आसपास फक्त दोन-तीन, तीही बहुतेक ८८ ते ९२ मेगाहर्ट्झमधली सार्वजनिक रेडिओची. एकदा एक स्टेशन सारखं फडफडत होतं, ट्रेलर हातभर पुढे घेतला आणि स्थिर झालं. ट्रेलर गाडीला जोडलेलाच होता म्हणून केलं, नाहीतर एवढ्यासाठी कोण जॅक उचलतं.

फेराइटची कडी: पॅनलकडे पाच वेढे, बॅटरीकडे चार. टिकटिक गेली नाही, पण स्टेशन लागलं की तिच्याकडे लक्ष जात नाही. सिंकवर नवा दिवा आणला तो दुकानाच्या बाहेर पार्किंगमध्येच गाडीच्या बॅटरीवर ट्रान्झिस्टर धरून तपासला. लोक बघतात. सवय झाली.

वेदर रेडिओ: पहिल्या जागी, जिथे झाडाची सावली होती आणि सगळ्यांना आवडली होती, तिथे एक शब्द नाही. कड्याखाली होतो. ताईंचं वाक्य वाचून दाखवलं, कुरकुर झाली, आणि वर पठारावर गेलो. सावली नाही, वारा भरपूर, रेडिओ स्पष्ट. तिसऱ्या रात्री दीडला तो ठणाणा करून जागा झाला, अचानक पुराचा इशारा, आमच्याच काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला). आम्ही उंचावर होतो, उठलो, दाराबाहेर बघितलं, लांब विजा चमकत होत्या, परत झोपलो. सकाळी खालच्या रस्त्यावर चिखल होता.

आता लूप. काका, १२ वेढ्यांवर ६०० च्या खाली जाईना, १३ वा घातला. गँग एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या गराज सेलमधून पाच डॉलरला मोडका रेडिओ घेऊन त्यातून काढली. काढताना सासरे शेजारी बसून होते आणि 'हळू, पात्या वाकतील' एवढंच म्हणत होते, सतत.

मॉन्युमेंट व्हॅलीत सूर्य मावळल्यावर लूप बाहेर टेबलावर मांडला. ६६० वर विंडो रॉकचं, नावाहो या मूळनिवासी लोकांचं केटीएनएन स्टेशन, ५० किलोवॉटचं. ते लूपशिवायही बाहेर येतं, लूपवर तर ट्रेलरच्या आत इतक्या जोरात आलं की सासरे दचकले. निवेदक नावाहो भाषेत बोलत होता. एक शब्द कळत नाही, मधेच कंट्री गाणं, मधेच पुन्हा बोलणं. सासरे बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, हा पावसाचं सांगतोय. कसं कळलं विचारलं तर म्हणाले, शेतकऱ्यांशी बोलताना आकाशवाणीवरचा माणूस असाच हळू बोलतो.

अंधार दाट झाला तशी एकेक दूरची स्टेशनं उगवायला लागली. ८५० वर आमचं डेन्व्हर, ११६० वर सॉल्ट लेक सिटी, ६४० वर लॉस एंजेलिस. दिवसा याच लूपवर ६४० ला फक्त खरखर होती. हे असं का होतं ते कोणी सोप्या भाषेत सांगेल का? सासऱ्यांना मी काहीतरी ठोकून दिलंय.

नभोवाणी_वेडी
१९ ऑगस्ट, रात्री ९.०२

मस्त वृत्तांत! दिवसा उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या थरांत, साधारण ६० ते ९० किलोमीटरवर, एक विद्युतभारित थर तयार होतो. तो मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लाटा त्याच्याही वरच्या थरांवर आपटून शेकडो किलोमीटर लांब जाऊन उतरतात. सासऱ्यांना काय ठोकून दिलंत?

चाकावरचं_बिऱ्हाड
१९ ऑगस्ट, रात्री ९.१०

रात्री हवा थंड असते म्हणून आवाज लांब जातो.

तिरकस
१९ ऑगस्ट, रात्री ९.१२

सासऱ्यांनी मान डोलावली असेल, आणि नंतर बायकोला विचारलं असेल.

गँग_कंडेन्सर
२० ऑगस्ट, सकाळी ६.५५

वाचून सकाळ छान झाली. रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन काढायच्या काळातला माणूस मी, बुधवारी रात्री सिलोन लावायला दुकानासमोर गर्दी व्हायची. तिकडे वाळवंटात तेरावा वेढा घातला गेला हे ऐकून बरं वाटलं.

सासऱ्यांना विचारा, ट्रान्झिस्टर कोणत्या दुकानातून घेतला होता. मागच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख लिहिलेली असेल तर दुरुस्तीला माझ्याकडे येऊन गेलाय.

घाटमाथा_न्यूजर्सी
२१ ऑगस्ट, दुपारी २.४०

उशिरा आलो. माझा ट्रेलर फायबरग्लासचा आहे, पत्रा नाही. मग मला हे सगळं करायला लागेल का?

नभोवाणी_वेडी
२१ ऑगस्ट, दुपारी ३.१५

फायबरग्लासमधून लाटा आत येतात, पण भिंतीत ॲल्युमिनियमची चौकट आणि काही ठिकाणी फॉइलचं अस्तर असतं, त्यामुळे आधी ट्रान्झिस्टर घेऊन आत-बाहेर फिरून बघा. भिंत धातूची नाही म्हणजे एल पट्टीचा उपयोग नाही, त्याऐवजी टी आकाराचा डायपोल (तारेचा दोन बाहूंचा अँटेना) आतून कपाटाच्या वर चिकटवा, आडवी बाजू साधारण दीड मीटर. आणि स्टिरिओ ओढून मागचा जॅक बघा.

चाकावरचं_बिऱ्हाड
२१ ऑगस्ट, रात्री १०.२५

गँगकाका, झाकण उघडलं. पेन्सिलीने लिहिलंय, '१४-२-८८, बँड स्विच'.